शेपटीचा त

९ फेब्रुवारी

धाकटे,
आशीर्वाद.

पत्रात आधी ‘इकडे सर्व क्षेम’ लिहायची पद्धत असते, म्हणून लिहितो. इकडे सर्व क्षेम. आता खरं पत्र.

फोन गेल्यापासून तुझ्याशी भांडण झालं नाही, त्यामुळे अन्न पचत नाही. हा ट्रकवाला तुमच्या बाजूला बटाटे आणायला येतो, टपालाचं काम फुकट करतो. म्हणाला, “दोन्हीकडच्या बायामाणसांच्या शिव्या मीच नेतो, वजन काही होत नाही.” त्याच्या हाती देतोय.

माझा धंदा म्हणशील तर जोरात आहे. हसू नकोस. फ्लेक्सची मशिनं आली तेव्हा मला जिवंतपणी मारलं होतं. बारा वर्षं मी भिंतींवर पाण्याच्या टाक्यांचे नंबर लिहीत होतो. आता वीज कधीमधी येते, मशिनं झोपली, आणि मी तिरडीवरून उठून बसलो. अख्ख्या शहरात हाताने पाटी लिहिणारा मी एकटा. आणि पाट्या कसल्या? बंद, बंद, बंद. सिनेमा बंद, दाताचा दवाखाना बंद, प्रवासी कंपनी बंद. वहिनी म्हणते, “जगात सगळं बंद पडतंय, ह्यांचं तोंड आणि ब्रश तेवढा चालू.”

गिऱ्हाइकांची बोलणी ऐकायला तू हवी होतीस. बंद म्हणायला कुणी तयार नाही. सिनेमावाला म्हणाला, ‘मध्यंतर’ लिहा. बँकेतला साहेब म्हणाला, “लोक घाबरतात हो. ‘अंतर्गत कामासाठी’ लिहा.” मी विचारलं, अंतर्गत काय काम? तर म्हणाला, “आत बसून रडणं.” चांगला माणूस होता.

परवा एका कारखान्याचा वॉचमन पत्रा घेऊन आला. पत्रा दारापेक्षा लांब आणि मजकूर काय, तर ‘कारखाना बंद आहे’. एवढ्या पत्र्यावर एवढंच लिहिलं असतं तर टकलावर चार केस. नुसतं भुंडं. मी म्हटलं, मधे ‘तात्पुरता’ घालतो, भरल्यासारखं दिसेल. वॉचमन म्हणाला, घाला, मला कोण विचारतंय. धाकटे, त्या शब्दात दोन पूर्ण त आणि एक अर्धा. माझी तर चैनच. प्रत्येकाला आपली ती शेपटी काढली. तू पाटीवर गिरवायचीस आणि शाळेत बाई खोडायच्या, तीच.

पूर्वी तात्पुरत्या पाटीला मी पाण्याचा रंग वापरायचो, ओल्या फडक्याने पुसता यावी म्हणून. तो रंग संपला. आता सगळं ऑइल पेंटमध्ये.

मेहुणे काय म्हणतात? तुमचा पंप काय म्हणतो?

तुझा
दादा


२१ फेब्रुवारी

दादा,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर वाचलं आणि ठेवलं. हल्ली सगळ्याचं असंच होतं.

पंपाचं सांगते. आमच्याकडे दोन पंप होते ते तुला माहीत आहे. एक गेल्या वर्षी गेला. त्याचे भाग काढून काढून ह्यांनी दुसरा चालवला. जानेवारीत दुसऱ्याचं बेअरिंग ओरडायला लागलं. सबंध गावाला ऐकू यायचं. ह्यांनी मेलेल्या पंपाचं झिजलेलं बेअरिंग त्यात बसवलं, आणि काढलेलं नमुना म्हणून फडक्यात गुंडाळून तुमच्या शहरात आणायला निघाले. तुझं पत्र यायच्या आधीच निघाले. जाताना म्हणाले, “काम झालं की दादांकडे जातो. जेवतो, झोपतो, सकाळी ट्रक.” पाण्याची बाटली विसरून गेले.

तेव्हापासून काही नाही. ट्रक दोनदा येऊन गेला. मला वाटलं, तू गप्पांत अडकवून ठेवलं असशील.

पंपघरात आता मी एकटीच आहे. व्हॉल्व्ह मीच फिरवते. सकाळी वरची आळी, दुपारी खालची. बेअरिंग पुन्हा ओरडू लागलंय. लोक येऊन विचारतात, “साहेब कधी येणार?” मी सांगते, येतील. मग ते घागरी भरून जातात.

हे तुझ्याकडे आहेत ना? एवढंच लिही. बाकी गमतीजमती नंतर.

धाकटी


२ मार्च

धाकटे,

नाहीत. आले नाहीत.

तुझं पत्र आलं तसा उठलो. ट्रक थांबतो त्या जुन्या बाजारात विचारलं. मोठ्या दवाखान्यात दोन्ही मजले पाहिले. तिथली नर्स म्हणाली, नावं लिहायचं बंद केलंय, तोंडं बघून घ्या. तोंडं बघितली. त्यांत मेहुणे नव्हते. चौकीत एकच हवालदार होता. तो म्हणाला, “हरवला म्हणजे नक्की काय? कामाला लागला असेल तरी हरवलाच, गावी गेला असेल तरी हरवलाच. मी स्वतः महिनाभर घरी गेलो नाही. मला शोधतंय का कोणी?”

मशिनच्या सुट्या भागांची गल्ली पालथी घातली. एकूण एक शटर खाली आणि शटरवर माझंच अक्षर. आपल्याच अक्षरातून चालत गेल्यासारखं वाटलं. कुठल्या दुकानात जाणार होते हे तुला बोलले होते का? नीट आठव.

मी वहिनीला म्हटलं, मेहुण्यांना शहराचं वारं लागलं असेल, एखाद्या थिएटराच्या पायरीवर बसले असतील. ती म्हणाली, “तुम्ही विनोद करायचे थांबता तेव्हा मला भीती वाटते, आणि करता तेव्हा जास्त.” मग दोघेही जेवलो. बटाटेच होते.

वहिनीने कोपऱ्यात एक अंथरूण घालून ठेवलंय. रोज झटकते.

दादा


१३ मार्च

दादा,

ह्यांची चिठ्ठी आली. तुमच्याकडून पायी परत आलेल्या एका सुताराने आणून दिली. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिली आहे. उतरवून देते:

‘काळजी करू नये. दुकानांत माल नाही म्हणून थेट बेअरिंगच्या कारखान्यावर आलो आहे. फाटकाबाहेर बसलो आहे. आमच्यासारखे आणखी बरेच आहेत, गिरणीवाले, दवाखान्याच्या जनरेटरचे. नंबर लावला आहे. कारखाना बंद आहे परंतु तात्पुरता, तशी पाटी आहे. उघडल्याबरोबर घेऊन निघतो. पाटी घाईत लिहिलेली नाही. नीट, मनापासून लिहिलेली आहे. त्यामुळे धीर आहे.’

मी ही चिठ्ठी व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी उभी राहून वाचली. मग घरी येऊन तुझं पहिलं पत्र काढलं.

टकलावर चार केस.

दादा, तुला मी काही बोलत नाही. तू नेहमीसारखीच पाटी लिहिलीस, आणि हे नेहमीसारखे वाचून थांबले. ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. लग्नाच्या दिवशी ‘येथे थांबा’ लिहिलेल्या ठिकाणी हे थांबले आणि वऱ्हाड पुढे गेलं.

तो शब्द पुस. आजच्या आज पुस, आणि ह्यांना ट्रकवर बसवून दे. बेअरिंग राहू दे. मी आणखी थोडे दिवस ओढीन.

धाकटी


१९ मार्च

धाकटे,

गेलो होतो. सांगतो तसं वाच.

टर्पेंटाइनची बाटली, फडकं आणि रंग खरवडायची पट्टी घेऊन गेलो. रस्ता लांब आहे. कारखान्याच्या भिंतीला लागून माणसं बसलेली. कुणी पोत्यावर, कुणी उलट्या खोक्यावर. चुलीची राख होती. कपडे वाळत होते. म्हणजे राहायलाच आलेली माणसं. आणि डोक्यावर माझी पाटी. शेपट्या सुंदर आल्यात, खोटं कशाला बोलू. वॉचमनचा पत्ता नाही. तो पाटी लावून त्याच दिवशी गेला म्हणे.

मेहुणे पाचवे की सहावे बसले होते. दाढी वाढलीय, बाकी ठीक. मांडीवर फडक्यातलं बेअरिंग. मला बघून उठले आणि पायाच पडले. म्हणाले, “दादा, मी येणार होतो, पण उठलो तर नंबर जातो.”

मी म्हटलं, कारखाना उघडणार नाही. आत कुणी नाही.

ते म्हणाले, “पाटीवर तात्पुरता आहे.”

“ती पाटी मी लिहिलीय.”

“माहीत आहे की! तुमचा त कुणीही ओळखेल. म्हणून तर बसलोय. दुसऱ्या कुणी लिहिली असती तर पहिल्याच दिवशी परत गेलो असतो. तुम्ही आत विचारल्याशिवाय थोडंच लिहिणार!”

यावर काय बोलतेस? मी चाळीस वर्षं या हाताने कमावलंय. डबे धुण्यापासून सुरुवात केली, आणि अक्षरावर लोकांचा विश्वास बसला तेव्हा वाटलं, जिंकलो. मी त्यांना खरं सांगितलं. पत्रा लांब होता, शब्द भरतीला घातला. ते ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, आपण लहान मुलाच्या थापेला हलवतो तशी. मग हळूच म्हणाले, “तिने सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला?”

मग मी खोक्यावर चढलो आणि फडकं भिजवलं. वास सुटल्याबरोबर सगळे उठले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. एका लेथवाल्या म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे फक्त धरलं. म्हणाला, “काका, उतरा खाली. आमचं काय बिघडवलंय त्या शब्दाने?” दुसरा म्हणाला, “पुसायचं असेल तर ‘बंद’ पुसा.” त्यावर दोघं-तिघं हसलेसुद्धा.

मी उतरलो. मेहुण्यांनी मला अर्धा उकडलेला बटाटा दिला. तो खाऊन परत आलो.

दादा


२७ मार्च

दादा,

वीज गेली. जायची तशी नाही, पूर्ण. तारा खालच्या आळीत लोळताहेत, त्या उचलायला कुणी येत नाही. पंप थांबला. बेअरिंगचं ओरडणं थांबलं, तेव्हा गावातली माणसं घराबाहेर आली. शांतता ऐकायला आल्यासारखी उभी राहिली आणि परत आत गेली.

म्हणजे नवं बेअरिंग आलं असतं तरी आता त्याचा उपयोग नव्हता. हे ह्यांना सांग. मला वाटलं होतं, हे कळल्यावर रडू येईल. मी झाडून काढलं आणि पंपघराला कुलूप लावलं.

ट्रकवाला म्हणतो, डिझेल एका फेरीपुरतं आहे. पुढच्या बुधवारी सकाळी तुमच्याकडून निघेल ती शेवटची. नंतर तो गाडी विटांवर चढवून ठेवणार. हे पत्र जाताना त्याच्याच हाती देते आहे.

बेअरिंग नको. पाणी आता कुणाच्याच हातात नाही. मला माणूस हवा आहे.

तू आणि वहिनी पण या. वरची खोली रिकामी आहे.

धाकटी


३ एप्रिल

धाकटे,

हे पत्र ज्याच्या हातून घेशील त्याला आधी पाणी दे, मग वाच.

तो बसला का खाली? आता ऐक.

तुझं पत्र घेऊन पुन्हा फाटकावर गेलो. या खेपेला टर्पेंटाइन नेलं नाही. शेवटच्या डब्याच्या बुडाशी काळा रंग होता, तो खरवडून पातळ केला आणि दोन ब्रश घेतले. लेथवाला म्हातारा बघूनच म्हणाला, “आले परत.” मी म्हटलं, पुसत नाही बाबा, तुमचा शब्द तुम्हाला लखलाभ. खाली जागा आहे, तिथे लिहितो. लिहायला तर ना नाही? त्याने विचार केला आणि खोकं पुढे सरकवलं.

मी लिहिलं: ‘शेवटचा ट्रक बुधवारी सकाळी जुन्या बाजारातून’. सावकाश लिहिलं. शटरावर लिहितो तसं नाही, काचेवर सोन्याने लिहायचो तसं. त एकच आला, त्याला शेपटी काढली. मागे सगळे गोळा झाले होते. कुणीतरी एकेक अक्षर जुळवून मोठ्याने वाचत होता.

म्हाताऱ्याने विचारलं, “हे पण पत्रा भरायला का?”

म्हणजे त्या दिवशी त्याने ऐकलं होतं. ऐकून, समजून बसला होता.

मी म्हटलं, नाही. पत्रा आता भरला.

त्याने आपलं पोतं झटकलं आणि घडी घालायला घेतलं. त्याचं बघून दुसऱ्याने. वाळत घातलेले कपडे उतरले. कुणी कुणाला ‘चला’ म्हटलं नाही. मेहुणे मात्र बसूनच. पुढचे पाचही जण उठले तेव्हा ते फाटकाशी पहिले झाले. त्यांनी पहिल्या जागेवर सरकून बसून घेतलं, बंद फाटकाकडे बघितलं. मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचलं. परत वाचलं. म्हणाले, “मग मी काय घेऊन जाऊ? रिकाम्या हाताने कसा जाऊ?”

मी म्हटलं, हात घेऊन जा. रिकामे असले तरी चालतील.

मग उठले. बेअरिंग ठेवून या म्हटलं तर ऐकेनात. फडक्यात गुंडाळून घेतलंच. तीन-चार किलोचं धूड.

तू विचारशील, तुम्ही दोघं का नाही चढलात? हे बाजारात ट्रकशेजारी उभा राहूनच लिहितोय, वहिनी गाठोडं बांधून आली होती. पण ज्याने पाटी लिहिली त्यानेच आधी चढून बसणं बरं दिसेना. मागे थांबलो. आणि मागे थांबेपर्यंत ट्रक भरला. लेथवाला उतरून जागा द्यायला निघाला होता, वहिनीने त्याला दटावून बसवलं.

रंग संपला. फाटकावरून घरी आल्यावर ब्रश धुतले होते, सवयीने. कशाला धुतले कोण जाणे. वहिनीने आज सकाळी कोपऱ्यातलं अंथरूण काढलं.

पुढचं पत्र कसं येईल माहीत नाही.

दादा


१८ एप्रिल

दादा,

मीठ विकणारा एक सायकलवाला तुमच्या बाजूला जातोय. त्याच्याकडे देते. पोचेल तेव्हा पोचेल.

हे आले. मी पाणी दिलं. प्याले आणि विचारलं, “हे कुठलं?” शाळेमागच्या हातपंपाचं, म्हटलं. तो इतकी वर्षं गंजून उभा होता, मुलं त्यावर चढून खेळायची. मी आणि खालच्या आळीतल्या बायका दांडा हलवून हलवून कसंतरी थेंबभर काढत होतो. हे उठले आणि तसेच तिकडे गेले. दोन दिवस तिथेच होते. जुन्या बुटाच्या चामड्याचा वायसर कापून घातला. दांडा फार जड होता, म्हाताऱ्या बायकांना खाली ओढवेना. तेव्हा ह्यांनी ते फडक्यातलं बेअरिंग दांड्याच्या टोकाला तारेने बांधलं. वजनाने दांडा आपोआप खाली येतो. आता लहान पोरही पाणी काढतं.

बोलत नाहीत फारसे. सकाळी जातात, रांग लावून देतात, संध्याकाळी येतात. रात्री झोपेत एकदा ‘माझा नंबर’ म्हणाले. मी ‘तुमचाच आहे’ म्हटलं, मग झोपले.

लेथवाले काका वरच्या खोलीत आहेत. तुझ्याबद्दल म्हणतात, “माणूस लबाड आहे, पण अक्षर खरं आहे.” तुमच्यासाठी ते खोली केव्हाही सोडतील. ओसरीत झोपायची तयारी आहे.

पंपघराच्या दारावर पाटी लिहायची होती. लोक सवयीने घागरी घेऊन तिथेच येतात आणि कुलपापाशी बसून राहतात. गावाचे कारभारी म्हणाले, ‘पाणी तात्पुरते बंद’ असं लिही. मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. कोळशाने जुन्या दारावर मोठं ‘पाणी बंद’ लिहिलं. फार भुंडं दिसायला लागलं. तेव्हा तुझं समजलं मला. हात आपोआप पुढचा शब्द शोधतो. तुझा त कुठे बसवता येईल ते बघत उभी होते. मग खाली लिहिलं: ‘हातपंप शाळेमागे’. त्यात एक त आहे.

आता कुणी बसत नाही. वाचतात आणि वळतात.

शेपटी मला तुझ्यासारखी जमलेली नाही. कोळसा ओघळून ती बाणासारखी झाली आहे, आणि बाण शाळेच्या उलट दिशेला. दोन म्हाताऱ्या त्या बाजूला गेल्या होत्या, त्यांना वळवून आणलं.

येऊन सरळ कर. ‘लवकरच’ असं लिहू नकोस. वार लिही.

धाकटी